साठावी जागा

मालनबाईनं शेवटचा टॉवेल खिडकीतून आत भिरकावला, पाठोपाठ स्वतःही डब्यात चढली आणि कमरेवर हात ठेवून दम घेतला. तेवढ्यात पलीकडच्या दारानं रेल्वेचे साहेब आलेच.

करंजटोकला रूळ संपतो. सकाळची एका डब्याची गाडी इथून निघते, ती निफाडवरून नाशिकला जाते. आज मोजदाद होती. सुटताना साठ प्रवासी भरले तर गाडी चालू, एक जरी कमी पडला तर बंद. आणि नेमकी आजच दाट लग्नतिथी! सगळा गाव जीप-ट्रॅक्टरनं वऱ्हाडाला पळालेला. गाडी गेली तर मालनबाईच्या झेंडूनं जायचं कुठं? एसटीचा कंडक्टर तिचे क्रेट लांबून बघूनच डबल बेल मारतो. शेतातच सडायची फुलं, दुसरं काय!

पण तिचा नवरा लहानू पडला माजी सरपंच. टोपी-टॉवेल देऊन त्याचा सत्कार झाला नाही, असं लग्न पंचक्रोशीत शोधून सापडायचं नाही. टॉवेलांनी पेट्या भरलेल्या, आणि अंग पुसायला म्हणाल तर एकही धड नाही. मालनबाईनं आजवर त्यांना शिव्याच घातल्या होत्या. आज तिनं पेट्या पालथ्या केल्या. टॉवेल टाकला की जागा धरली, हा आपला कायदा. दुसऱ्याचा टॉवेल उचलायची छाती कलेक्टरची पण नाही.

कडक इस्त्रीचे साहेब बाकांमधून फिरले.

"प्रवासी कुठे आहेत?"

"चहाला गेलेत, साहेब."

"सगळे?"

"आमच्याकडं चहा लय लागतो."

"मला तर स्टेशनवर टपरी दिसली नाही."

"म्हणून तर लांब गेलेत!"

साहेबांनी एका टॉवेलावरचा दुकानाचा कागद निरखून पाहिला. मेली घाई, कागद काढायचे राहूनच गेले! साहेब बोटानं मोजत पुढं गेले.

"अठ्ठावन्न. तुम्ही धरून एकोणसाठ."

अरे देवा! एका टॉवेलापायी घोडं अडलं. पेट्या तर रिकाम्या. मेल्याला आणखी एक लग्न गाठायला काय झालं होतं? मालनबाईला रडूच फुटलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

गाडीनं शिट्टी दिली. साहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा दाराशी रचलेल्या झेंडूकडं. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला आणि खिडकीपाशी उरलेल्या जागेवर नीट अंथरला. कागदावर लिहिलं, साठ.

मालनबाई बघतच राहिली.

"आणि मावशी," साहेब दरडावून म्हणाले, "ती खिडकी माझी हाय. कुणी रुमाल उचलला ना, तर निफाड येईस्तोवर भांडंन!"