नवव्या थराचा कोपरा

किरनापुरात तेजराम गुरुजींच्या ओसरीवर मातीचे वाळलेले ठोकळे आहेत. त्यांच्या लेकीने, सत्यभामेने घडवलेले. सहा थरांचा एक घन, आठ थरांचा दुसरा. दोन्ही मोडून नऊ थरांचा रचायला घेतला, की शेवटच्या कोपऱ्यात एक ठोकळा कमी पडतो.

"दोन घनांचा मिळून एक घन कधीच होत नाही, बेटा," गुरुजी तिला म्हणाले होते. "आजवर कोणालेच जमलं नाही."

"एकच तर कमी हाय, बाबा. मी बनवून आणतो," म्हणत ती माती आणायला तळ्यावर गेली. संध्याकाळी लोकांनी तिला पाण्यातून काढलं.

तेव्हापासून गुरुजी शाळेतून आले की घन रचतात, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसतात आणि मोडून ठेवतात.

आज शेवटचा ठोकळा ठेवून त्यांनी मान वर केली, तर कोपरा भरलेला होता. ओसरीवर तळ्याच्या गाळाचा वास येत होता.

त्यांनी हात पुढे केला.

आत चुलीपुढून, जिथून ओसरी दिसत नाही, बायकोचा आवाज आला.

"हात नोका लावू जी. ओला हाय तो अजून."