उष्टी हळद

“लांब बाह्यांचंच ब्लाउज घाल,” आईनं बजावलं. माझ्या कोपरांवरचा एक्झिमा तिनं मुलाकडच्यांपासून आजवर लपवला होता आणि आता ऐन हळदीच्या दिवशी तिला तो दिसू द्यायचा नव्हता.

मी कोमट पाण्यानं, बिनसाबणाची अंघोळ करून ओलसर अंगावरच मलम चोपडून बसले होते. एवढ्या लाडीगोडीनं शांत केलेली कातडी हळद लागताच पेटणार, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात होणारी नणंद उष्टी हळद घेऊन आली. नवरदेवाला लावून उरलेली ही हळद नवरीला लावायचीच. नाही म्हणायची सोय नसते. मी देवाचं नाव घेतलं.

वाटीवरचा रुमाल निघाला. आत मी रोज लावते तेच पांढरं मलम होतं, वर शास्त्रापुरती चिमूटभर हळद.

“वहिनी, रागावू नकोस,” नणंद हळूच म्हणाली. “दादाला एक्झिमा आहे. हळदीनं अंगभर चट्टे उठतात. आमच्या आईनं तुम्हाला सांगू दिलं नाही.”

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईनं माझी बाही आणखी खाली ओढली.

“कमाल आहे,” ती म्हणाली. “एवढी मोठी गोष्ट लपवतात का कुणी?”