लेकींच्या नावापुढे

"सगळं राहू दे त्या जुन्या फोल्डरात," उकिडवे सर म्हणाले. "जुनी चिप गेली, तिच्यामागोमाग मीही शुक्रवारी रिटायर."

शाल्मलीचा हात माऊसवरच थबकला. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणारं त्यांचं सॉफ्टवेअर नव्या चिपवर न्यायचं होतं. कुठल्याही चिपवर चालेल तो कोड सामायिक फोल्डरात, उरलेला जुन्यात. आणि जुना फोल्डर उद्या पुसला जाणार होता, सरांच्या वीस वर्षांसकट.

सरांनी प्रत्येक फंक्शनला, कोडच्या प्रत्येक तुकड्याला, कौतुकाने जुन्या चिपचं नाव जोडलेलं, लेकींच्या नावापुढे बापाचं लावावं तसं. ती नावं बघूनच टीमने सगळी जुन्यात ढकलली होती. शाल्मलीने सहज एक उघडून वाचलं. आत चिपचा संबंधच नव्हता. दुसऱ्यातही नव्हता.

"अहो सर, या लेकी तर कुठल्याही घरी नांदतील!"

"उगाच माझं मन राखू नकोस गं."

तिने वाद घातला नाही. नावं बदलून दोन्ही सामायिकमध्ये ठेवली आणि नव्या चिपवर चालवून पाहिलं. काळ्या पडद्यावर आतला संगणक जागा झाला.

सर चष्मा पुसत पुढे सरकले. "चहा सांग. आणि ते तिसरं उघड बघू."