कोयांचा शेक

सून बाळंतीण होऊन तीनच दिवस झाले होते आणि वाघाच्या धास्तीनं गावातलं कोणी लाकडाला जात नव्हतं. बायनाबाई पांडुरंगाचं नाव घेत, उन्हाळ्यात वाळवलेल्या आंब्याच्या कोया पेटवून बाजेखाली शेक देत होती. धूर पाहून जंगलखात्याचा नाकेदार दारात येऊन उभा राहिला. चोरीच्या लाकडाचा आळ घेऊन हा आपल्या लेकाला, सोमाजीला नेईल, या भीतीनं तिनं शेगडी बाजेखालून बाहेर ओढली.

"पाहून घ्या भाऊ, कोया हायेत. तुमच्या वाघानं लाकडाले जाऊ देल्लं का कोनाले?"

नाकेदारानं वाकून शेगडीत पाहिलं.

"टोपलंभर द्या, बाई. माह्या घरी बी बाळंतीण हाये, अन् मले जंगलात जायाचं भेव वाटते."