मालोजीच्या खिशातली पुडी

मालोजीच्या खिशातून पुडी निघाली, तसा चांगू पोलादपूरच्या स्टँडभर नाचला. तीन वर्षं तो घसा फोडून हेच सांगत होता. दासगावचा हा गडी जत्रेच्या शर्यतीत महाडपर्यंत सायकल हाणतो, वळून परत येतो, दर साली पहिला नंबर मारतो आणि धापसुद्धा टाकत नाही. मुंबईच्या गोळीशिवाय हे होतं का? म्हणून यंदा चांगूनं शर्यतीचे पंच असलेल्या मास्तरांकडून नियमच लिहून घेतला होता. अंगात बळ आणणारं काही खायचं नाही, लावायचं नाही. सुटायच्या आधी मालोजीची झडती. काही सापडलं नाही तर मालोजीची सायकल सगळ्यांदेखत सावित्रीत धुऊन देईन, असंही तो रागाच्या भरात बोलून बसला होता.

त्याच्या वाडीकडून शर्यतीत उतरलेल्या हैबतीनं सकाळी चहाबरोबर दोन गोळ्या घेतल्या होत्या, ती गोष्ट वेगळी. लॉरीवाले जागरणाला खातात त्या. चांगूनंच आणून दिल्या होत्या. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या पोरानं घेतलं तर ते औषध.

मास्तरांनी पुडी उघडली. आत राख.

"हे काय रे?"

"अंगारा हाय," मालोजी म्हणाला. "ह्यांच्याच वाडीच्या देवीचा. दर साली आक्का देती. सुटताना चिमूटभर जिभंवर टाकतो."

आक्का म्हणजे तुळसा, चांगूची बायको. मालोजी आपला सख्खा मेव्हणा आहे, हे चांगू जत्रेच्या दिवशी तेवढं विसरायचा.

मास्तरांनी चष्मा पुसला. "चांगू, नियम तुझा, तर तूच सांग. तुमच्या देवीच्या अंगाऱ्यानं बळ येतं की नाही?"

मागं अख्खी वाडी उभी. येतं म्हणावं, तर हैबतीच्या कपाळावर बोटभर अंगारा. तोही बाद. येत नाही म्हणावं, तर देवीचा गुरव काठी घेऊन दोन हातांवर. चांगूच्या कानामागून घाम उतरला.

"बळ येतं," शेवटी तो म्हणाला. "पन देवीला नियम लागू नाय."

वाडीनं मान डोलावली. तेवढ्यात म्हातारी बयाबाई बोलली, "म्हंजे गो बाय, तीन वर्सं आपलीच देवी पयली येतेय."

झालं. ज्यांनी मालोजीला शिव्या द्यायला घसे साफ करून ठेवले होते, तेच त्याच्या सायकलीची हवा तपासायला लागले.

शर्यत सुटली. हैबती गोफणीतल्या दगडासारखा गेला. महाडला वळायचं असतं, हे तो पार विसरला. थेट दासगावात जाऊन थडकला आणि तिथल्या चावडीसमोर उभा राहून दोन तास बोलत राहिला. कशावर, ते कोणालाच कळलं नाही. शेवटी दासगावकरांनी त्याला सायकलीसकट बैलगाडीत घातलं. मालोजी नेहमीसारखा निवांत पहिला आला. वाडीनं त्याला खांद्यावर घेतलं.

दिवस कलताना चांगू बोलल्याप्रमाणे सावित्रीच्या गुडघाभर पाण्यात मेव्हण्याची सायकल घासत होता. काठावर पोरं बसून कुठं चिखल राहिलाय ते दाखवत होती. त्यांना हाकलून तुळसा हंडा घेऊन खाली आली.

"काय गो, आपल्या देवीचा अंगारा चोरून दासगावला देतेस?"

"कुठला देवीचा? गुरव परगावच्याला चिमूट तरी देतोय व्हय? आपल्या चुलीतली राख हाय ती."

चांगूचा हात चाकावरच थांबला. "तिन्ही वर्सं?"

"तिन्ही वर्सं. त्याला बोलू नगा हां. त्याचा लय इस्वास हाय."

वर रस्त्यावर ढोल वाजत होता. गुरव स्वतः मालोजीला ओवाळत होता. चांगूनं एकदा तिकडं पाहिलं, एकदा हातातल्या चिंधीकडं पाहिलं. मग तुळसाजवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाला,

"सकाळी चूल सारवायच्या आधी हैबतीसाठी एक पुडी काढून ठेव."