बाप जित्ता असताना
सकाळी सातला, रात्रपाळीहून आल्या आल्या युवराजने मिशी उतरवली. झोपेत त्याचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन दिलं होतं, पण मिशीमुळे मास्क नीट बसत नव्हता.

“मिशी बाप मेल्यावर काढत्यात,” वडील कुंडलिकराव कडाडले. “आता डोस्कंबी भादर की.” ताट सरकवून ते दारात जाऊन बसले.

युवराज दूध आणायला गेला, आणि त्याचा चेहरा पाहून निम्म्या सोलापुरात बातमी पसरली. दुपारपर्यंत तिघे भेटायला आले. तिसऱ्याला कुंडलिकराव म्हणाले, “आलायसच तर खांदा देऊन जा की.”

चारला मंगळवेढ्याहून त्यांचा मावसभाऊ लांबूनच गळा काढत आला आणि त्यांना दारात जिवंत बसलेलं पाहून आणखीच मोठ्याने रडू लागला. आतल्या खोलीतून आज युवराजचं घोरणं ऐकू येत नव्हतं, मध्येच गुदमरून उठणंही नव्हतं; फक्त मशीनचा बारीक आवाज होता.

कुंडलिकरावांनी दातओठ खात मावसभावाचं मनगट धरलं.

“व्हय, गेलो मी. पण हळू रड की. पोरगं झोपलंय.”

ताटाला त्यांनी अजून हात लावलेला नाही.