गेटवरची खंडेनवमी

शिलाई मशीनचं चाक एकदा कर्र वाजलं आणि थांबलं. इंदिराने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. शरद तिच्या मशीनपुढे उकिडवा बसला होता आणि कान जवळ नेऊन चाक हळूहळू फिरवत होता.

मग त्याने तेलाच्या कुपीतून दोन थेंब सोडले. चाक मुकाट फिरायला लागलं.

"कोरडी पडली होती," तो म्हणाला. "दिवसभर ब्लाउज शिवतेस, तेल कोण घालेल?"

"तुम्ही आहात ना घरी," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वाटलं, हे नको होतं म्हणायला.

खंडेनवमी होती. पाटावर विळी, कात्री, सहा वर्षांच्या नीरजाची पाटी. मशीनला झेंडूचा हार. ज्याच्या त्याच्या कामाच्या वस्तूंची पूजा. नीरजाने सगळ्यांना स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावलं आणि लाल बोट तसंच हवेत धरून विचारलं, "बाबा, तुमचं काय ठेवायचं?"

शरदने कुपी पुसली. बराच वेळ पुसत राहिला.

"माझं मिलमध्ये आहे," तो म्हणाला. कुपी खिशात टाकली. "चला, तिथेच जाऊन करू."

"आज? अहो, दहा महिने झाले, कुलूप आहे तिथे."

"माझ्या साच्याला दोन बोटं कुंकू लावायला किती वेळ लागतो? बारा वर्षं कापड विणलंय मी त्याच्यावर."

"आणि इतकी वर्षं म्हणत होतात, मशीनला तेल लागतं, कुंकू नाही. मी पाट मांडला की हसायचात."

"तेव्हा मशीन चालत होती ना यार," शरद म्हणाला.

इंदिराच्या भावाने, विजयने, पलासिया भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये शरदसाठी शिपायाची जागा बघून ठेवली होती. दसऱ्याला, म्हणजे उद्याच, हजर व्हायचं, नाही तर दुसरा कोणी तयारच होता. शरदने आठवडाभर हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. जाऊन येऊ दे एकदा, तिला वाटलं. डोळ्यांनी बघितलं की मन वळेल. तिने ताटलीत हळदकुंकू आणि चार फुलं घेतली.

मिलच्या लांब भिंतीवर रंगीत टीव्हीची नवी जाहिरात रंगवणं चाललं होतं. गेटच्या आत कमरेएवढं गवत. कडीला पंज्याएवढं लोखंडी कुलूप.

चौकीदार स्टुलावरून उठला. "अरे शरद भिया! बाल-बच्चों के साथ? यूनियन की मीटिंग तो परसों है."

"पाँच मिनट अंदर जाने दे भाई. मेरे सांचे की पूजा करनी है."

"तू? पूजा?" चौकीदार मोठ्याने हसला. मग त्याला इंदिराच्या हातातली ताटली दिसली आणि त्याने हसू आवरलं. "चाबी मेरे पास कहाँ, भिया. वो तो साहब लोगों के पास है. मैं तो बस ताला देखता हूँ."

शरद गेटचे गज धरून आत बघत राहिला. इंदिरा थांबली. आता वळेल, आता म्हणेल, चल, विजयला हो सांगून टाकू.

तो वळला. तिच्या हातातून ताटली घेतली, चपला काढल्या. कुलपाला हळद लावली, कुंकू लावलं, कडीत झेंडूचं फूल खोवलं. मग खिशातून कुपी काढून किल्लीच्या भोकात दोन थेंब सोडले.

"ये क्या कर रहा है?"

"ज़ंग लगा है. खुलते टाइम अटकना नहीं चाहिए."

चौकीदाराने टोपी सारखी केली आणि रस्त्याकडे तोंड केलं.

शरदने डोळे मिटून हात जोडले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण त्याला असे हात जोडताना इंदिराने कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. त्याला तर साधी आरतीही पुरती येत नव्हती. मग काय म्हणत असेल?

डोळे न उघडताच तो बोलला, "विजयला सांग, उद्याचं जमणार नाही. मिल कधीही सुरू होईल. पहिल्या दिवशी मी नसलो, तर माझा साचा दुसऱ्याला देऊन टाकतील."

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. विजयने परत शब्द टाकणार नाही म्हणून सांगितलं होतं, घरातली कणीक उद्यापुरतीच होती. पण तिने त्याच्याकडे पाहिलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा असा सैल, शांत दिसत होता, झोप लागलेल्या मुलाचा दिसतो तसा. काही बोलून त्याला जागं करणं तिच्याच्याने झालं नाही.

"सांगते," ती म्हणाली.

नीरजाने तिचा पदर ओढला. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने आईला खाली वाकायला लावलं.

"आई, खंडेनवमीला पूजा केली की ती वस्तू वर्षभर बिघडत नाही ना?"

"नाही बिघडत, बेटा."

"मग बाबांनी कुलपाची का केली?"